ढेकूण घरातून घालवायचे तर: पहिल्या डागापासून शेवटच्या अंड्यापर्यंत

चादरीवर रक्ताचा बारीक डाग, गादीच्या शिलाईवर शाईचे थेंब पडल्यासारखे काळे ठिपके आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला अंगाला सुटणारी खाज. एवढं झालं की बहुतेक घरांत त्याच दिवशी स्प्रेचा डबा येतो, पलंगावर भसाभसा फवारला जातो आणि घरची माणसं हॉलमध्ये अंथरूण टाकून झोपतात. एका पलंगापुरतं असलेलं दुखणं घरभर होतं ते बरेचदा या दोन गोष्टींमुळेच. स्प्रेच्या वासानं ढेकूण भिंतीच्या फटींत पांगतात आणि माणूस जिथे झोपायला जातो तिथे चार-आठ दिवसांत पोचतात. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट: झोपायची जागा बदलू नका. तुम्ही त्याच पलंगावर झोपताय तोवर ढेकूण त्याच पलंगाकडे येत राहतील, आणि आपले सगळे उपाय तिथेच लावता येतील.

शत्रू नीट ओळखून घ्या

आपल्याकडच्या उष्ण हवेत प्रामुख्यानं आढळतो तो सायमेक्स हेमिप्टेरस या जातीचा ढेकूण. थंड मुलखातला सायमेक्स लेक्टुलॅरियस हा त्याचा चुलतभाऊ. दिसायला दोघं जवळपास सारखे, पण आपल्याकडचा गुळगुळीत पृष्ठभागावर जास्त चांगला चढतो. हा फरक पुढे वाट्यांच्या सापळ्याच्या वेळी कामी येईल.

पूर्ण वाढलेला ढेकूण अख्ख्या मसुराच्या दाण्याएवढा, म्हणजे ४ ते ५ मिलिमीटर, तपकिरी आणि चपटा. रक्त प्यायला की लांबट फुगतो आणि लालसर होतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. अंडं पांढरं, खसखशीच्या दाण्याएवढं पण लांबुळकं, एका टोकाला टोपण असलेलं. मादी ते लाकडाला किंवा कापडाला चिकटवून ठेवते, त्यामुळे गादी झटकून अंडी पडत नाहीत. रोज एक ते पाच अंडी घालते.

२७ ते ३० अंश तापमानात अंडं साधारण ६ ते ९ दिवसांत फुटतं. बाहेर पडणारं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं. पांढऱ्या चादरीवर ते नुसत्या डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. रक्त प्यायलं की पोटात लाल टिंब दिसतं. पाच वेळा कात टाकल्यावर ते प्रौढ होतं आणि दर वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी रक्त लागतं. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा सगळा प्रवास आपल्या हवेत पाच-सहा आठवड्यांचा. पुढची सगळी योजना या आकड्यांवर उभी आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

प्रौढ ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्महिने तग धरू शकतो, हवा थंड असेल तर आणखी जास्त. त्यामुळे मे महिन्यात कुलूप लावून गावी गेल्यानं घर साफ होईल या भरवशावर राहू नका.

ढेकूण घाणीमुळे होतात हा समज आधी मनातून काढून टाका. त्यांना फक्त रक्त लागतं आणि लपायला फट लागते. लखलखीत फ्लॅटमध्येही होतात. शरमेपोटी शेजाऱ्यांपासून लपवल्यामुळे मात्र ते नक्कीच वाढतात.

खात्री कशी करायची

फोडांवरून ठरवू नका. एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवराबायकोपैकी एकाच्या अंगावर गांध्या उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही, असं सर्रास होतं. काहींच्या अंगावर गांधी उठायला आठवडा-दोन आठवडेही लागतात. डास, खरूज, पित्त, सगळ्यांशी याची गल्लत होते.

तपासणीला बसताना बॅटरी, जुनं एटीएम कार्ड, स्क्रू-ड्रायव्हर, रुंद सेलोटेप आणि ओला पांढरा फडका जवळ ठेवा. पहिल्या वेळी तासभर जाईल असं धरा. आधी गादीचे चार कोपरे पाहा, मग कडेची गोट, मग गादीच्या टाक्यांभोवतीचे खळगे. कार्डाची कड गोटेखाली घालून हळूहळू सरकवत न्या. ढेकूण असतील तर कार्डापुढे सरकत बाहेर येतात. त्यांना सेलोटेपवर चिकटवा. कुठे काळा ठिपका दिसला तर ओल्या फडक्यानं घासा. लालसर-तपकिरी ओघळ उमटला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. झुरळाची लेंडी दाणेदार असते, हाताला लागते. गव्हाच्या कोंड्यासारखी पोकळ, फिकट टरफलं दिसली तर ती टाकलेली कात.

मग गादी उभी करून पलंगाकडे वळा. आपल्याकडच्या बॉक्स-पलंगात खरं ठाणं असतं ते प्लायवूडच्या कापलेल्या कडेत, बिजागरीच्या मागे, स्क्रूच्या भोकात आणि उशाकडच्या फळीच्या मागच्या बाजूला. उशाकडची फळी सोडवून भिंतीपासून वेगळी केल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं समजू नका. लोखंडी पलंगाचे पाइप आतून पोकळ असतात. टोकाची प्लास्टिकची बुचं काढून आत बॅटरी मारा. नवारीच्या किंवा सुंभाच्या बाजेत पट्टी जिथे लाकडाला वळसा घालते ती घडी बघा. मच्छरदाणीचे चारही कोपरे आणि बांधायच्या नाड्या हमखास राहून जातात. त्यानंतर भिंतीवरचं कॅलेंडर, फोटोफ्रेम, पडद्याच्या चुण्या, स्विचबोर्डच्या कडा, प्लास्टिकच्या खुर्चीची खालची बाजू आणि सोफ्याचं खालचं काळं कापड. बहुतेक वस्ती पलंगापासून दोन मीटरच्या आत सापडते.

ढेकूण कुठे कुठे सापडले ते कागदावर पलंगाचं साधं चित्र काढून त्यावर फुल्यांनी टिपा. दहा दिवसांनी पुन्हा पाहताना हा कागद फार उपयोगी पडतो.

पहिला दिवस: उष्णता

ढेकणांना औषधांची सवय झाली आहे. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४० च्या दशकातच आढळले होते आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रेमध्ये असलेल्या पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांबाबतही तेच झालं आहे. उष्णतेची सवय मात्र त्यांना होत नाही. ५० अंशांच्या वर प्रौढ ढेकूण काही मिनिटांत मरतो. अंडी जास्त चिवट असतात, म्हणून कामाला ६० अंशांचं लक्ष्य धरा.

कपडे आणि अंथरूण आहे त्याच खोलीत मोठ्या प्लास्टिक पिशव्यांत भरा, तोंड बांधा आणि मगच बाहेर न्या. उघड्यावर कवेत धरून घरभर फिरवलंत तर वाटेत ढेकूण गळतात. हीटर असलेल्या वॉशिंग मशीनला ६० अंशांवर लावा. मशीन गार पाण्याचं असेल तर बादलीत उकळतं पाणी घालून कपडे तासभर बुडवून झाकून ठेवा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ‘ड्रायर’ कपडे नुसते गरगरा फिरवतो, तापवत नाही. त्यावर विसंबू नका. सुती कपड्यांना, चादरींना आणि उशांच्या अभ्र्यांना शिलाईवरून कडक इस्त्री फिरवली तर ती चांगलीच लागू पडते. धुतलेलं सगळं नव्या पिशवीत बांधून ठेवा आणि लागेल तसंच बाहेर काढा.

पुस्तकं, चामड्याच्या वस्तू, बॅगा अशा न धुण्याजोग्या वस्तू पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवा. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होईलच असं नाही, आत थर्मामीटर ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

पलंगाला वाफ सर्वात चांगली. कपड्यांचा साधा स्टीमर चालतो, पण नळीच्या तोंडावर जुना टर्किश टॉवेल दोन पदरी गुंडाळा. नुसत्या झोतानं छोटी पिल्लं आणि सुटी झालेली अंडी उडून पलीकडे जातात. एक फूट शिलाईला दहा ते पंधरा सेकंद लागले पाहिजेत, इतक्या सावकाश पुढे सरका. वाफ गेल्या गेल्या तो पृष्ठभाग ७० ते ८० अंश असायला हवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर मोजा. घाई केली की तो ५० च्याही खाली राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एका डबल बेडला दीड-दोन तास लागतात. स्विचबोर्ड, प्लग आणि अ‍ॅडॉप्टर यांच्या जवळ वाफ किंवा पाणी नेऊ नका.

लोखंडी पलंगाला आणि बाजेला उकळतं पाणी हा आजीच्या काळचा उपाय आजही तितकाच खरा आहे. चूक होते ती दुरून ओतण्यात. पातेलं अंगणात आणेपर्यंत आणि वरून ओतेपर्यंत पाणी गार होत जातं, आणि लोखंडही उष्णता शोषतं. केटलीचं तोंड सांध्याला जवळजवळ टेकवा, एका सांध्याला निदान अर्धा लिटर सोडा, आणि तोच सांधा लगेच दुसऱ्यांदा भिजवा. प्लायवूडला पाणी लावू नका, ते फुगतं.

गादी उन्हात घालण्याबद्दल थोडं सविस्तर. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर टाकलेली गादी वरून हाताला चटका देते, पण सहा इंच कापसाच्या आत ती ऊब पोचत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उन्हानं गादी हलकी होते, पण बिनढेकणाची होत नाही. उन्हाचा खरा उपयोग छोट्या वस्तूंना: चपला, खेळणी, बॅगा काळ्या प्लास्टिक पिशवीत सैल भरून, तोंड बांधून, गच्चीवर दुपारभर ठेवा आणि मधोमध थर्मामीटर ठेवून आत ५० अंशांच्या वर तासभर तरी राहिले का ते पाहा. तेवढं झालं नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

गादी फार खराब झाली असेल तर कापूस पिंजून घ्यावा असं वाटतं. तसं करायचं असेल तर ती गादी पिशवीत बंद करून द्या आणि कामगारांना आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या गादीला लागण होईल. आणि परत आलेली गादीही तपासूनच घरात घ्या. एरवी गादीला चेनचं अखंड कव्हर घालणं सोपं. शिंप्याकडून शिवून घेतलं तरी चालेल, पण चेन जिथे संपते तिथे अर्धा सेंटिमीटरची फट उरते, तिथे रुंद टेप लावा. हे कव्हर वर्षभर काढायचं नाही. कोकणासारख्या दमट हवेत गादी कोरडी असेल तेव्हाच घाला, नाहीतर आत बुरशी धरेल.

व्हॅक्युम क्लीनर असेल तर वाफेच्या आधी वापरा. नळीच्या तोंडात जुना पातळ मोजा घालून बाहेरून रबरबँड लावा, मग काम झाल्यावर मोजा ओढून गाठ मारून साबणाच्या कडक पाण्यात टाका. चिकटलेली अंडी मात्र व्हॅक्युमनं निघत नाहीत, ती जुन्या टूथब्रशनं खरवडावी लागतात.

पलंगाचं बेट

आता पलंग भिंतीपासून वीतभर दूर घ्या. चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकता कामा नये. चारही पायांखाली वाट्या ठेवा. पूर्वी यात पाणी घालत. त्यात डासांची पैदास होते, म्हणून पाणी घालायचंच तर साबणाचं घाला आणि दर तीन दिवसांनी बदला. त्याहून बरं म्हणजे उभ्या, गुळगुळीत कडांची प्लास्टिक वाटी घ्या आणि आतल्या कडांना टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. आपल्याकडचा ढेकूण नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर चढून जातो, पावडरीवर मात्र त्याचे पाय घसरतात. पावडर आठवड्याला ताजी करा. रोज सकाळी वाटीत काय सापडलं ते त्या कागदावर तारखेसह लिहा. बॉक्स-पलंग थेट जमिनीवर बसलेला असेल तर तात्पुरते चार लाकडी ठोकळे देऊन उचलून घ्या.

सांध्यांमध्ये, पोकळ पाइपांत आणि स्क्रूच्या भोकांत डायटोमेशिअस अर्थ नावाची बारीक भुकटी घाला. कीटकांसाठीची म्हणून विकली जाते तीच घ्या, पोहण्याच्या तलावाच्या गाळणीची नको. ही भुकटी ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो; त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. एका पलंगाला दोन-तीन चमचे पुरतात. ढीग घातला तर ढेकूण वळसा घालून जातात. बोट फिरवल्यावर जेमतेम जाणवेल एवढाच थर हवा. भरताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात हवा दमट असली की ती हळू काम करते. बोरिक पावडर इथे चालत नाही. ती झुरळानं खाल्ली तर झुरळ मरतं, आणि ढेकूण रक्ताशिवाय काहीच खात नाही. झुरळांच्या जेलचा ढेकणांवर शून्य परिणाम होतो तोही याच कारणानं.

भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटनं किंवा लांबीनं (पुट्टीनं) भरा. लाकडाच्या फटींना लांबी किंवा फेव्हिकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा चालतो. पण वाफ देऊन, भुकटी घालून मगच बुजवा.

औषध मारायचं असेल तर

दोनपेक्षा जास्त खोल्यांत ढेकूण सापडले किंवा पहिल्या दोन फेऱ्यांनंतरही वाट्यांतले आकडे उतरत नसले, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्याच्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का ते पाहा. कुठलं औषध आणि किती पाण्यात मिसळणार ते विचारा, आणि बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. ‘एकाच फेरीत गॅरंटी’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत, म्हणून १० ते १४ दिवसांच्या अंतरानं निदान दोन, बरेचदा तीन फेऱ्या लागतात. फवारा सांध्यांत, फटींत, पलंगाच्या आतल्या बाजूला जायला हवा. खोलीच्या मध्ये धूर करणाऱ्या फॉगरचं औषध फटीत शिरत नाही, ढेकूण मात्र शेजारच्या खोलीत पळतात.

फवारणीनंतर लेबलवर लिहिलेला वेळ खोली बंद ठेवा, मग हवा खेळू द्या. मुलं, गरोदर बाई, दम्याचा माणूस, माशांची टाकी यांची सोय आधीच करा. आणि भिंतीकडेची वीतभर फरशी दोन आठवडे पुसू नका. रोजच्या फरशी पुसण्यात औषधाचा थर निघून जातो आणि दोष औषधाला मिळतो. कामाला येणाऱ्या ताईंनाही हे सांगून ठेवा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवून माणसं मेली आहेत, लहान मुलं मेली आहेत. हवेतल्या ओलाव्यानं तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. तो भिंतीच्या भेगांतून, नळाच्या-वायरच्या पाइपांतून शेजारच्या घरात जातो आणि त्यावर उतारा नाही. खोली बंद करून आपण दुसरीकडे झोपलो तरी शेजारी झोपलेला असतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास, मळमळ, उलट्या, छातीत दडपण असं काही जाणवलं तर ताबडतोब सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा आणि काय वापरलं गेलं ते डॉक्टरांना सांगा. शेतातलं कीटकनाशक गादीवर मारणं तितकंच घातक. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणी सुटी बाटली आणून दिली तर घेऊ नका. रॉकेलनं आग लागते आणि ते उडून गेलं की काहीच उरत नाही. डांबरगोळ्या, कापूर, वेखंड, कडुलिंबाचा पाला यांनी ढेकणांचं ठाणं उठत नाही.

दहा-दहा दिवसांचं गणित

पहिल्या दिवशी सगळं केलंत तरी काही अंडी वाचतात. ती ६ ते ९ दिवसांत फुटतात. दहाव्या दिवशी पुन्हा वाफ आणि तपासणी केली तर ही पिल्लं उघड्यावर सापडतात. विसाव्या दिवशी तिसरी फेरी: दुसऱ्या वेळी निसटलेली पिल्लं अजून प्रौढ झालेली नसतात, म्हणजे नवी अंडी पडलेली नसतात. ही साखळी इथेच तुटते. तिसऱ्या आठवड्यात वाट्या रिकाम्या दिसल्या की बहुतेक जण थांबतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. म्हणून वाट्या रिकाम्या असल्या तरी तिसाव्या दिवसाची चौथी फेरी चुकवू नका. पुण्या-नाशिकच्या थंडीत अंडी उशिरा फुटतात, तेव्हा एक फेरी आणखी घ्या.

चाळीत, वसतिगृहात किंवा सोसायटीत भिंत सामाईक असेल तर डावी-उजवी, वरची आणि खालची खोली एकाच आठवड्यात तपासली गेली पाहिजे. वसतिगृहात एका खोलीची फवारणी म्हणजे ढेकणांची शेजारी रवानगी. सेक्रेटरीला किंवा रेक्टरला आपला फुल्यांचा कागद दाखवा. तोंडी तक्रारीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

या काळात चावे खाजवू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा. पू झाला, अंगभर गांध्या उठल्या किंवा लहान मूल, म्हातारं माणूस फिकट दिसू लागलं तर डॉक्टरांकडे जा. ढेकणांमुळे माणसाला घरात एखादा रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण वस्ती फार दाट असेल तर रक्त कमी होऊ शकतं.

शेवटचा जिवंत ढेकूण किंवा ताजा काळा ठिपका दिसल्यापासून आठ आठवडे वाट्या ठेवा. आधीचे ठिपके पुसून टाकले असतील तरच नवा ठिपका ओळखू येतो, म्हणून पहिल्याच दिवशी गादी आणि फळ्या ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आठ आठवडे कोरे गेले की गादीचं कव्हर तसंच ठेवून बाकी आवरा.

त्यानंतर स्लीपर बसनं किंवा लॉजवर राहून आलात की बॅग पलंगावर टेकवू नका. बाल्कनीत उघडा, कपडे तिथूनच गरम पाण्यात टाका आणि रिकामी बॅग काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा. जुना पलंग किंवा सोफा विकत घेताना विकणाऱ्यासमोरच उलटा करा, खालचं कापड एका कोपऱ्यात उचकटा आणि कार्डाची कड सांध्यातून फिरवा. पाच मिनिटं लागतात.